फॉयेतला दिवा

नाही, पण मी म्हणते, माणसानं बसायचं कुठं? एवढं मोठं घर, चौदावा मजला, खाली बघितलं तर हेब्बाळचं तळं ताटलीएवढं दिसतंय, आणि बसायला म्हणून जागा नाही! खुर्च्या आहेत हो. खुर्च्या काय, सोफे आहेत, झोपाळा आहे, टेकलं की आत गिळून घेणारी ती पोत्यासारखी गादी आहे, तिच्यात मी एकदा बसले तर दोघांनी हात धरून मला उपसून काढलं... पण बसायचं म्हणजे कसं, तुम्हाला सांगते, येणारी-जाणारी चार माणसं आपल्याला दिसली पाहिजेत, त्यांना आपण दिसलो पाहिजे. नाहीतर ते बसणं नव्हे. ते ठेवणं झालं. फळीवर बरणी ठेवतात तसं.

आमच्या सकवारक्काचं सांगते. सकवारबाई, माझी थोरली जाऊ. तिचे मालक विश्वासराव, त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची. कॉटनपेटेत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दोनच खोल्या, पण दाराबाहेर जगली! जगली म्हणजे दगडी कट्टा हो, दाराच्या दोन्ही अंगांना. सकाळी उठायचं, घरात एक फेरी मारायची, कुठल्यातरी पाटाला नाहीतर बादलीला ठेचकाळायचं, 'कुणी ठेवलं हे इथं?' म्हणून कुरकुरायचं, आणि मग जगलीवर जाऊन जे बसायचं ते जेवायलाच उठायचं, हा अण्णांचा नेम. फुलवाली जावो, पोस्टमन जावो, पोलीस जावो, प्रत्येकाला कानडीत, 'ऊटा आयता?' जेवलास का? कुणी भांडायला आला तरी, 'बन्नी, कूतकोळ्ळी', या, बसा आधी, मग भांडा. आणि बसलेला माणूस भांडतो किती वेळ, सांगा बघू?

मग शंभूराज, अक्काचा मुलगा, कंप्युटरमध्ये मोठा साहेब झाला, म्हणाला, अण्णांना आता ते गटार नको, डास नकोत, चला वर. पोरगा वाईट नाही हो, मायेनंच म्हणाला. घर विकलं. अक्का निघताना उंबऱ्याला हळदकुंकू लावून आली, अण्णांनी जगलीवर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवतात तसा, आणि गाडीत बसले.

आणि ते नवं घर! इमारतच बिल्डरनं फ्रेंच थाटाची केलेली, आणि प्रत्येक दाराला पितळी पाटी. मला कुठं वाचता येतंय, मला आपलं पितळ दिसलं, म्हटलं चिंचेनं घासलं तर काय झळकेल! सूनबाई केतकी, पुण्याची, ती पुढं घर दाखवत, 'काकू, हा फॉये.' म्हणजे दार उघडल्यावर चपला काढतो ती जागा. 'हे पार्लर.' म्हटलं, अगं, घरातच भुवया करतेस? 'नाही हो काकू, बसायची खोली. आणि हा सलाँ.' तो काय? तीपण बसायचीच खोली! 'हा आमचा स्वीट, म्हणजे निजायची खोली, आणि हे माझं बुद्वार.' आणि देव? देव कपाटात. दाराला पाटी नाही. म्हटलं बरं आहे, एवढ्या नावांत देव तरी हुडकायला सोपा.

नात अक्षरा कॉलेजात फ्रेंच शिकते. ती म्हणाली, 'अज्जी, ही सगळी नावं इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलीत.' म्हटलं, काय सांगतेस! सगळ्या जगावर राज्य केलं, आणि स्वतःच्या घरातल्या खोल्यांना नावं शेजाऱ्याकडून? विरजणासारखी? परत तरी केली का? 'नाही केली, अज्जी.' बघा! पार्लर म्हणजे म्हणे बोलायची खोली. तिथं कोण बोलतं? शंभूराज एका कोपऱ्यात फोनशी, केतकी दुसऱ्या कोपऱ्यात फोनशी. आणि बुद्वार म्हणजे, हसू नका, रुसून बसायची खोली! अय्यो, म्हणजे कैकेयीचं कोपभवनच की! तिकडच्या बायकांनाही लागत होतं म्हणायचं. अक्का म्हणाली, 'मला नव्हतं गं असं काही. मी चुलीपुढंच रुसायची. भाकरी थापत.'

अण्णांना मात्र ह्या नावांतलं एकही मानवेना. पार्लरात बसवलं तर समोर टीव्ही. सलाँत बसवलं तर समोर भिंत, भिंतीवर घोड्याचं चित्र, घोडा पाठमोरा! चार दिवस बघितलं, आणि पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची उचलून फॉयेत नेली, चपलांच्या कपाटाशेजारी, दाराकडं तोंड करून, आणि बसले. केतकी म्हणाली, 'बाबा, फॉयेत कुणी बसत नाही हो, तिथून नुसतं जायचं असतं.' अण्णा म्हणाले, 'जाणारं माणूसच बघायचंय मला.' बसायचं कुठं माणसानं?

पण जाणारं तरी कोण? चौदाव्या मजल्यावर? सामान आणून देणारे तेवढे. अण्णा हौसेनं दार उघडणार, 'ऊटा आयता?' आणि तो घामाघूम झालेला गडी काय म्हणणार? 'ओटीपी, सर.' अण्णा म्हणणार, 'अरे, कूतकोळ्ळी, पाणी पी स्वल्प,' तो म्हणणार, 'टाइम नाही, सर.' रोज हेच. शेवटी शेवटी अण्णा त्या यंत्राशी बोलायला लागले. कुठलं यंत्र? ते हो, केर काढणारं, काळं, गोल, भाकरीच्या तव्याएवढं, खाली चाकं. सकाळी सातला आपलं आपण जागं होतं, इंग्रजीत बाईच्या आवाजात बोलतं, कुठल्या खोलीत चाललंय तिचं नाव घेतं, आणि घरभर फिरून परत फॉयेत येऊन दाराजवळच्या आपल्या जागेत बसतं. बरोब्बर अण्णांच्या खुर्चीशेजारी. ते आलं की अण्णा पाय वर घेणार आणि विचारणार, 'काय रावसाहेब? ऊटा आयता?' करणार काय? येणारं-जाणारं घरात तेवढं एकच होतं.

आणि गेले ते तिथंच. त्याच खुर्चीत. दुपारी अक्का पडली होती, पोरं कामावर, कुणीतरी भाजी घेऊन आलं, दार उघडंच, म्हातारा बसल्या जागी झोपलाय असं वाटलं असेल बिचाऱ्याला, पिशवी पायाशी ठेवली आणि सामान पोचलं म्हणून फोटो काढून केतकीला धाडला. त्या फोटोत पालक आहे, कोथिंबीर आहे, आणि कडेला अण्णांचे पाय आहेत. केतकी ऑफिसात फोटो बघून म्हणाली, कोथिंबीर छान मिळाली आज. मग घरी येईपर्यंत... जाऊ दे. ती पोर तो फोटो अजून पुसत नाही. मला दाखवला तिनं, रडत रडत, रुसायच्या खोलीत बसून. म्हटलं चला, एका खोलीचा तरी उपयोग झाला.

आता आमच्यात, तुम्हाला सांगते, माणूस जिथं शेवटचा श्वास घेतो तिथं दिवा ठेवतात, दहा दिवस, विझू द्यायचा नाही. म्हणजे दिवा फॉयेत. लगेच इमारतीच्या सेक्रेटरीबाई हजर, राजलक्ष्मी म्हणून, भली बाई, हात जोडून उभी, पण म्हणते, 'सॉरी हां आंटी, फॉयेमें आग नहीं चलेगा, धूर झाला की वरचं यंत्र ओरडतं, इलेक्ट्रिकचा दिवा ठेवा ना.' अक्का तोवर एक शब्द बोलली नव्हती. नवरा गेला तेव्हापासून नाही. ती म्हणाली, 'मग माणसानं मरायचं कुठं?' अक्षरा डोळे पुसून पुढं झाली, म्हणाली, 'आंटी, फॉये म्हणजे काय माहितेय? फ्रेंचमध्ये चूल! शेकोटीची जागा! घरातला विस्तव तिथंच असायचा, म्हणून त्या जागेला ते नाव.' मी तर बघतच राहिले. एवढी पितळी पाटी लावून विस्तवाला मनाई! सेक्रेटरीबाईनं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा अक्काकडं, आणि म्हणाली, 'सरी, अम्मा, बरं. तेलाचा ठेवा. फक्त उदबत्ती नको.' आणि जाताना, सांगते तुम्हाला, वाकून नमस्कार करून गेली दिव्याला.

दहाव्याला पुरुष मंडळी श्रीरंगपट्टणला पिंड घालायला गेली. आणि कावळा शिवेना! कावळे होते हो, झाडभर होते, पण खाली एक उतरेना. शंभूराज ओल्या धोतरानं उन्हात उभा, 'अण्णा, आईला सांभाळतो', कावळा नाही. 'अण्णा, नातीचं शिक्षण बघतो', नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. परत आल्यावर पोरानं आईला सांगितलंच नसतं, पण ओठ असे घट्ट मिटून आला की अक्कानं ओळखलं. मला बाजूला घेऊन म्हणते, 'मन कुठंतरी अडकलंय गं ह्यांचं. इथली वाट ह्यांना माहीत नाही. सारखे चुकायचे लिफ्टमध्ये, बाराव्यावर उतरायचे. कॉटनपेटेत तर जाऊन बसले नसतील? जगलीवर? आणि दार दुसऱ्याचं, कुणी आत घेत नाही...' मी म्हटलं, पीठ बघू या.

पीठ म्हणजे, दहाव्याच्या दिवेलागणीला त्या दिव्यापाशी तांदळाचं पीठ पसरतात, पातळ, सायीसारखं. सकाळी त्यात ठसे बघायचे. चिमणीचा पाय उमटला तर जीव पाखराचा झाला, मुंगी तर मुंगीचा, गाईचं खूर तर सोनंच. वर बुट्टी, टोपली हो, पालथी घालायची असते, मांजर-उंदीर जाऊ नये म्हणून. पण त्या घरात बुट्टी कुठली? आणि उंदीर तरी कुठला? केतकी म्हणाली, 'काकू, इथं झुरळसुद्धा येत नाही.' तेच तर अक्काचं दुःख! 'अगं, मग हे यायचे कशातून? खाली फाटकावर नाव सांगितल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत, मुंगीला कोण सोडणार?' तरी पसरलं पीठ. तिनं स्वतः पसरलं, कडेला एक चिमूट जास्त पडलं तर म्हणाली, 'असू दे, ह्यांना जाड भाकरी लागायची.'

आता यंत्राचं ऐका. मेल्या घरात केरसुणी वाजू नये म्हणून केतकीनं ते पहिल्याच दिवशी फोनमधून बंद केलेलं. किती दिवस, असं फोननं विचारलं असेल. सुतक किती? दहा. तिनं दहा घातले. गुणाची पोर, हिशेबात चूक नाही! आणि यंत्रही तसंच गुणाचं, सुतक पाळलं हो त्यानं, आपल्या भावकीतल्या कुणी पाळलं नाही इतकं काटेकोर पाळलं, आणि सुतक फिटल्यावर अकराव्या दिवशी सकाळी सातला डोळे उघडले, बाईच्या आवाजात काहीतरी म्हणालं, त्यातलं मला एकच कळलं, 'फॉये'!

आम्ही धावलो. मी पुढं, माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं, मागं केतकी ओरडतेय, फोन सापडत नाहीये, शंभूराज टॉवेलवर, आणि ते यंत्र दिव्याला जरासं टेकलं, थांबलं, घरघरलं, वळसा घालून गेलं. दिवा तसाच. पण पीठ? अर्धंअधिक पोटात! उरलेल्यात शेजारी-शेजारी दोन रेघा, पार खुर्चीपर्यंत गेलेल्या. चाकांच्या. केतकी मटकन खाली बसली, 'आई, माझं चुकलं, आई, मी घालवलं सगळं...' शंभूराज भिंतीकडं तोंड करून उभा. मला वाटलं, संपलं, आता ही बाई काही ह्या धक्क्यातून उठत नाही.

अक्का हळूहळू आली. वाकली. त्या रेघा बघितल्या. मग यंत्र बघितलं, ते तोवर घरभर फेरी मारून, पार्लरात गालिच्याच्या कडेला अडकून, घूं घूं कुरकुरून, परत येऊन दाराशी बसलं होतं. खुर्चीशेजारी. अक्कानं डोक्यावर पदर घेतला. आणि एवढंच म्हणाली, 'आले. चुकले नाहीत.'

कुणी हसलं नाही. मीही नाही. हसायचं कसं? तुम्ही हसताय, बरोबर आहे, तुम्ही लांब बसलाय.

त्याला आता वर्ष होत आलं. केतकीनं मध्ये धीर करून विचारलं, 'आई, हे जुनं देऊन नवं घेऊ या का, ते फरशीही पुसतं.' अक्का त्या यंत्राच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, हात पसरून, डोळ्यांतून नुसत्या धारा. परत कुणी विषय काढला नाही. त्याच्या पोटातला केर ती स्वतः काढते, कुणाला हात लावू देत नाही, तुळशीत घालते. सकाळी ते निघालं की पदर सावरून बाजूला होते. कॉटाखाली अडकलं की म्हणते, 'ह्यांना कितीदा सांगितलं, तिकडं जाऊ नका.' आणि दुपारी अण्णांच्या खुर्चीत बसते, फॉयेत, दाराकडं तोंड करून, शेजारी ते. परवा गेले तर मलाही म्हणाली, 'बस गं, कूतकोळ्ळी.' मी म्हटलं, कुठं बसू? खुर्ची एकच. मग बसले खाली, चपलांशेजारी. करणार काय?

बराच वेळ बसलो. कुणी आलं नाही. मग अक्का त्याच्याकडं बघत म्हणाली, 'पन्नास वर्षं संसार केला गं मी ह्यांच्याशी. एक दिवस... एक दिवस हातात केरसुणी धरली नाही ह्या माणसानं! आणि आता रोज सकाळी सगळं घर झाडतात, तर मी कुणाला सांगू?'