पिवळे काडतूस, वजन ३१.६४ ग्रॅम

पोलीस चौकी, नॅशव्हिल शहर. शनिवार, दिनांक १५ फेब्रुवारी. जबाब सुरू दुपारी १२.१०.

नाव व्हर्नन टिप्टन, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (पाणीपुरवठा विभागात पाण्याचे नमुने तपासणे), राहणार घर क्र. ४१८, सायप्रेस क्रीक रस्ता, पेरी काउंटी, टेनेसी.

मी वर लिहिलेला इसम सार्जंट प्रुइट यांच्यासमोर बसून, त्यांनी विचारले म्हणून, राजीखुशीने सांगतो की,

मी वरील पत्त्यावर मुलगी हॅडली, वय १३, हिच्यासह राहतो. घरात आम्ही दोघेच आहोत. माझी पत्नी डार्ला दिनांक १९ ऑक्टोबर रोजी चौदा महिन्यांच्या आजारानंतर वारली.

राष्ट्रीय शिकार संमेलन दर वर्षी फेब्रुवारीत येथे भरते. डार्ला मुलीला घेऊन सलग सहा वर्षे आली. शेवटच्या वर्षी ती चाकाच्या खुर्चीतून आली होती. मी यापूर्वी कधी आलो नव्हतो. मी शिकार करत नाही. नऊ वर्षांपूर्वी एकदा डार्लाबरोबर रानात गेलो होतो. उजाडता उजाडता टर्की पक्ष्याचा नर चाळीस पावलांवर आला असता मला खोकला आला व तो निघून गेला. कामाच्या ठिकाणी क्लोरीन असल्याने मला खोकल्याची सवय आहे. डार्ला तेव्हा म्हणाली, "व्हर्न, तू आपला ट्रकमध्ये बस. तिथं खोक, गाणी ऐक, काय वाट्टेल ते कर." तेव्हापासून मी ट्रकमध्ये बसत आलो. त्या दोघी परत येईपर्यंत थर्मासमधली कॉफी गरम ठेवणे हे माझे काम होते.

नराला जवळ बोलावण्यासाठी शिकारी टर्कीचे आवाज काढतात. त्याची मुलांची स्पर्धा संमेलनात असते. त्यात हॅडलीचे नाव डार्लानेच गेल्या उन्हाळ्यात नोंदवून ठेवले होते. क्रमांक ३१, वेळ आज दुपारी चार. म्हणून मी काल रजा काढून मुलीला घेऊन आलो.

काडतुसाबाबत विचारल्यावरून सांगतो की, डार्लाने आजारपणात तिचे काका ग्रेडी, वय ७८, यांना सांगितले होते की, मी गेल्यावर माझी थोडी रक्षा एका काडतुसात भर आणि ते हॅडलीला दे. आमच्याकडे शिकारी घरांत असे करतात. ग्रेडीकाका काडतुसे घरीच भरतात. त्यांनी निम्म्याहून जास्त छर्रे काढून त्या जागी रक्षा भरली, तोंड मेणबत्तीच्या मेणाने बंद केले व मागच्या पितळेवर शाईने 'डी' असे अक्षर काढले. काडतूस वीस बोअरचे, पिवळ्या रंगाचे, डार्लाच्या बंदुकीचे आहे. असे एकच आहे. बाकीची रक्षा चर्चच्या आवारात पुरली आहे.

वसंतात हंगाम उघडला की हे काडतूस हॅडलीने झाडावे, अशी डार्लाची इच्छा होती. आमच्या राज्यात तिच्या वयाच्या मुलीला शेजारी मोठे माणूस असल्याशिवाय बंदूक घेऊन बसता येत नाही. आजवर शेजारी डार्ला असे. यंदा कोण, असे हॅडलीने मला नाताळात एकदा व जानेवारीत एकदा विचारले. मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो.

काडतूस स्वयंपाकघरात फ्रिजवर, पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेले असते. आज सकाळी ते तेथेच आहे अशी माझी समजूत होती.

आज सकाळी १०.४० च्या सुमारास आम्ही संमेलनाच्या दाराशी आलो. आत भरलेले काडतूस नेण्यास मनाई आहे. येणारे लोक शिकारीचेच कोट घालून येतात, त्यामुळे खिशात विसरलेली काडतुसे दर वर्षी निघतात. त्यासाठी दाराशी लाल रंगाचा लोखंडी डबा आहे. त्यात पडलेले परत मिळत नाही. संध्याकाळी सर्व काडतुसे नष्ट करण्यासाठी पोलिसांकडे जातात, असे तेथे पाटीवर लिहिले आहे. माझ्या पुढच्या माणसाच्या खिशांतून चार निघाली. तो म्हणाला, "अरे देवा, गेल्या वर्षीपासून हा कोट धुतलाच नाही म्हणजे!" त्याची बायको म्हणाली, "ते वासावरून कळतंच आहे सगळ्यांना."

स्पर्धकांची रांग वेगळी होती. हॅडली त्या रांगेत, माझ्यापासून अंदाजे वीस फुटांवर होती. तिच्या अंगात डार्लाचा कोट होता. बाह्या तीन वेळा दुमडलेल्या होत्या. तेथे तपासणीस ओडेसा रेनी, वय अंदाजे ६०, उभ्या होत्या. यंत्र वाजल्याने त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पिवळे काडतूस काढले. "बाळा, एक राहिलंच बघ," असे म्हणून त्यांनी ते इतरांसारखेच लाल डब्यात टाकले.

त्यावेळी मुलीच्या तोंडात शिट्टी होती. ही टाळूला चिकटवायची पातळ रबरी शिट्टी असते. स्पर्धक सरावासाठी ती सकाळपासून तोंडात धरतात. मुलगी ओरडायला गेली, पण टर्कीच्या मादीचा आवाज निघाला. रांगेतले लोक हसले. एकाने टाळ्या वाजवल्या व म्हणाला, "बक्षीस देऊन टाका हिला, बाकीच्यांना घरी पाठवा." मिस ओडेसा (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईंना, लग्न झालेले असले तरी, असेच म्हणतात) म्हणाल्या, "झकास! पण तुझी वेळ चारची आहे, पोरी. चल, पुढं हो." मुलीने पुन्हा तसाच आवाज काढला. कोणाला काही कळले नाही. मलाही कळले नाही. मीही हसलो होतो, हे नमूद करावे.

त्यानंतर मुलीने मधला कठडा ओलांडला व डब्याच्या झाकणाच्या फटीतून हात घातला. मिस ओडेसांनी तिचा दंड धरला असता तिने त्यांना ढकलले. त्या खुर्चीवर पडल्या व त्यांच्या उजव्या कोपराला खरचटले. डबा आडवा झाला. शंभर ते दीडशे काडतुसे फरशीवर सर्वत्र पसरली. कोणीतरी "मागं व्हा, मागं व्हा!" असे ओरडले. एक म्हातारे शिकारी गुडघ्यांवर बसत म्हणाले, "मागं कशाला व्हायचं? पडून फुटत नसतात ती. गोळा करा, गोळा करा." त्यावरून आसपासच्या लोकांनी मदत म्हणून सर्व काडतुसे उचलून पुन्हा डब्यात टाकली. मुलगी प्रत्येकाच्या हाताकडे धावत होती.

मी तेथे पोहोचलो तेव्हा तिने शिट्टी तोंडातून काढली होती. ती मला म्हणाली, "डॅडी, मॉम त्यात आहे."

पोलीस आले. डब्याला मोहोर लावण्यात आली. डबा व आम्ही दोघे ११.३५ वाजता या चौकीत आलो. मिस ओडेसाही कोपराला पट्टी बांधून आल्या.

बाकावर बसलो असता मी मुलीला विचारले, "तू आणलंस कशाला?"

ती म्हणाली, "मॉमने एकही वर्ष चुकवलं नाही. मी इकडं यायचं आणि तिनं पिठाच्या डब्यात बसायचं?"

"मला विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो."

"आणि तुम्हाला कळलंही नसतं. तुम्ही तो डबा कधी उघडतच नाही. तिचं नावसुद्धा काढत नाही."



हे मिस ओडेसांनी ऐकले. त्या म्हणाल्या, "अगं बाळा, नुसती मान हलवायचीस तरी! मला काय कल्पना, आई आहे म्हणून? माझी सासू तीन वर्षं माझ्या कपाटात आहे, बुटांच्या खोक्याशेजारी. तिला कुणी फिरायलासुद्धा नेत नाही." मुलगी त्यांना म्हणाली, "सॉरी, मॅम. तुमच्या कोपराबद्दल." त्या म्हणाल्या, "कोपर दुसरा आहे माझ्याकडं." आपली काही तक्रार नाही असे त्यांनी सार्जंट प्रुइट यांना सांगितले आहे. तसे त्या वेगळे लिहून देतील.

१२.४० वाजता जबाब थांबवून आमच्यासमोर मोहोर तोडून डबा उघडण्यात आला. त्यात पिवळ्या रंगाची वीस बोअरची अकरा काडतुसे निघाली. पितळेवर 'डी' अक्षर एकावरही नव्हते. चार काडतुसांच्या तोंडाशी मेण होते, कारण घरी भरणारे बरेच लोक पावसासाठी मेण लावतात. मुलगी म्हणाली, शाई तिच्या हातानेच गेली असावी. ऑक्टोबरपासून ती शाळेतून आल्यावर काडतूस डब्यातून काढून हातात घेऊन बसत असे, व मी कामावरून येण्याआधी परत ठेवत असे. मला हे माहीत नव्हते.

सार्जंट प्रुइट म्हणाले, "हे बघा टिप्टन, मला वाईट वाटतं. पण तुमचं कोणतं हे मीच ठरवून एक उचलून देऊ शकत नाही. ओळख पटली नाही तर अकराच्या अकरा जातील."

मुलीने चारही काडतुसे एकेक करून तळहातावर घेतली. शेवटी उरलेल्या दोहोंपैकी आपले कोणते हे तिला ठरवता येईना. ती म्हणाली, "मला ओळखायला यायला पाहिजे होतं." असे ती दोन वेळा म्हणाली.

तेव्हा मी विचारले की, चौकीत काटा आहे काय. सार्जंट प्रुइट म्हणाले, "आहे, गांजाच्या पुड्या तोलायचा. का?"

मी सांगितले की, आमच्या काडतुसाचे वजन ३१.६४ ग्रॅम आहे. शिसे काढून त्या जागी रक्षा भरल्याने ते इतरांहून हलके आहे.

हे वजन मला कसे माहीत, असे विचारल्यावरून सांगतो की, नोव्हेंबर महिन्यात मुलगी ग्रेडीकाकांकडे राहायला गेली होती त्या दिवशी मी ते काडतूस जेवणाच्या डब्यातून कामावर नेले होते. सर्व लोक गेल्यावर प्रयोगशाळेतल्या काट्यावर तोलले. तीन वेळा तोलले. तिन्ही वेळा तेवढेच भरले. त्याची वहीत नोंद केलेली नाही. परत येताना ते शेजारच्या सीटवर ठेवले होते.

तोलण्याचे कारण काय, असे विचारल्यावरून सांगतो की, कारण काही नव्हते. वजन माहीत असावे म्हणून.

(येथे जबाब देणार यांना खोकला आल्याने पाच मिनिटे थांबलो. पाणी दिले.)

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला हे माहीत नव्हते.

काटा टेबलावर आणला. सार्जंट प्रुइट यांनी आमच्यादेखत अकराही काडतुसे तोलली. त्यांच्या काट्यावर दशांशाचा एकच अंक दिसतो. पहिले ४४.८ भरले. दुसरे ४५.१. तिसरे ४३.९. मिस ओडेसा प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होत्या. सातवे ३१.६ भरले. सार्जंट प्रुइट यांनी ते उचलून पुन्हा ठेवले. ३१.६. उरलेली चारही तोलली. त्यांतले एकही त्रेचाळीसच्या खाली गेले नाही.

मिस ओडेसा म्हणाल्या, "हाय डार्ला." मग त्यांनी चष्मा पुसायला काढला.

सार्जंट प्रुइट यांनी सातवे काडतूस वेगळ्या पाकिटात ठेवून मला सांगितले की, ते मोठ्या माणसाच्याच ताब्यात देता येईल, व त्याचा कायदेशीर उपयोग कोठे, केव्हा व कोणाच्या देखरेखीखाली होणार हे जबाबात यायला हवे. त्यावरून सांगतो की, एप्रिलच्या पहिल्या शनिवारी व रविवारी मुलांसाठी हंगाम उघडतो. त्या शनिवारी उजाडताना ग्रेडीकाकांच्या जमिनीवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, ज्या बीच जातीच्या झाडाला पाठ लावून डार्ला व हॅडली बसत त्याच ठिकाणी, हॅडली ते झाडेल. तिच्या शेजारी ग्रेडीकाका बसतील. मी ट्रकमध्ये थांबेन.

मुलगी म्हणाली, "ग्रेडीकाकांचा खुबा बदललाय. ते खाली बसले तर त्यांना क्रेन लावून उठवावं लागेल." सार्जंट प्रुइट यांनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले तेच त्यांनी टाइप केले. मुलगी कोटाची एक बाही सोडून पुन्हा दुमडत होती.

मुलीने जे केले त्याबद्दल मी तिचा बाप म्हणून जबाबदार आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मिस ओडेसांनी आपले काम नियमाप्रमाणे केले आहे. स्पर्धा चारला असून आम्हाला तेथे गाडीने सोडतो असे सार्जंट प्रुइट म्हणाले आहेत. काडतूस तोपर्यंत चौकीत राहील व स्पर्धा झाल्यावर मी स्वतः येऊन सही करून घेईन.

वरील सर्व सार्जंट प्रुइट यांनी दुपारी २.०५ वाजता मुलीसमोर मला मोठ्याने वाचून दाखवले. "मी ट्रकमध्ये थांबेन" या वाक्याशी मी त्यांना थांबवले. ते वाक्य व त्याआधीचे ग्रेडीकाकांचे वाक्य खोडण्यात यावे असे मी सांगितले. त्या जागी असे लिहावे, की तिच्या शेजारी मी बसेन. त्याच झाडाला पाठ लावून, डार्ला बसत असे त्या बाजूला.

दोन्ही वाक्ये खोडून दुरुस्ती केली. तिच्यावर माझी आद्याक्षरे आहेत. सार्जंट प्रुइट यांनी आणखी काही बदल आहे काय असे विचारले. मी नाही म्हणालो.

मुलगी म्हणाली, "आहे. न खोकता. तेही लिहा."

तेही लिहिले आहे. आता जे लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.

सही
व्हर्नन टिप्टन