दीपाची उमेदवारी

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो,

बाजारात दिवसभर ओरडणारी बाई मी, भाषण कधी केलं नाही. माझ्या शेजारी बसून सुकी मासळी विकणारी दीपा गेली. तापाचं निमित्त झालं, आणि गेली.

दीपा तृतीयपंथी होती. कुजबुजायला नको, ती स्वतःच मोठ्यानं सांगायची.

नगरपंचायतीला आपला वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. तिला उभं राहायचं होतं. पक्षाच्या सभेला सतरंजी तिनं अंथरली, घोषणा तिनं दिल्या. आम्ही दोघी पक्षाच्या पुढाऱ्यांकडे, भाऊंकडे गेलो. तिकीट त्यांच्याच हातात. भाऊ म्हणाले, "दीपा, माझा विरोध न्हाय. पण लोकमत तयार हाय का? तुझ्यामुळं बाकीच्या जागा पडतील."

दीपा म्हणाली, "लोकांना विचारलंत?"

भाऊंनी फोन कानाला लावला.

मग तीच विचारायला निघाली. घरोघर. मी सोबत होते. कुणी चहा दिला, कुणी दार लोटून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "तू आमच्यातलीच हायस गो. पण मत पोरगा सांगंल तिथंच." वाईट बोलणारे थोडे होते. घाबरणारे पुष्कळ.

ती अपक्ष उभी राहिली. आणि प्रचारात तिच्याच पक्षाची पोरं तिला जन्माच्या नावानं हाका मारत फिरली. माइकवरून! ती पडली. दुसऱ्या सकाळी पाटी घेऊन बाजारात हजर. मी म्हटलं, "आज घरी राह्यचं होतंस." म्हणाली, "घरी बसले तर त्यांना वाटंल, बरोबरच बोललो."

आज भाऊ आलेत. फोटोला हार घातला, म्हणाले, "दीपा आमची रणरागिणी." भाऊ, हेच त्या माइकवरून बोलला असतात तर? मला राग नाही, असं म्हणणार होते. पण आहे. लोकमत म्हणजे कोण हो? आपणच ना? कुणी आधी तोंड उघडल्याशिवाय ते तयार तरी कसं व्हायचं?

मागं, माडाखाली दीपाच्या दोन मैत्रिणी उभ्या आहेत. पुढं येऊन बसायचं सोडून उभ्या आहेत. बायांनो, जरा सरका. या गो, इथं आमच्यात या.

त्या पोचेपर्यंत थांबू. मग सगळेच उभे राहू, दीपासाठी, गप्प.