मागच्या दोन जाळ्या

मिक्सर मांडीवर घेऊन दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या बाईंचे कान पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे लागले होते. काउंटरवर त्यांचा बंद पडलेला गेम कन्सोल उघडा पडला होता.

“आजोबा, तुम्ही पहिलं मॉडेल म्हणालात, म्हणून तसा पंखा मागवला,” दुकानदार म्हणाला. “बसतच नाही. पहिल्याला मागे दोन जाळ्या असतात, याला एकच.”

“छे, पहिलंच आहे. आमच्या लेकाचा आहे तो.”

“खाली साल छापलंय, बघा.”

“चष्मा दे गं... पण लेक तर याच्या आदल्या वर्षीच गेला आमचा.”

आजोबांनी साल पुन्हा वाचलं.

“अहो, पुसताना माझ्या हातून पडून फुटला त्याचा,” आजी म्हणाल्या. “बाजार पालथा घातला, तेव्हा हा मिळाला. वरून अगदी जुळा भाऊ.”

“आणि मी खुळा, रोज सकाळी याच्याशी बोलत बसलो.”

“ते बोलणं कानावर आलं, की सांगायला माझी जीभच रेटायची नाही.”

“मग आजोबा, याचा पंखा मागवू, की भंगारात टाकू?”

बाईंनी मिक्सर घट्ट धरला.

“मागव बाबा. चार वर्षं सगळं ऐकून घेतलंय त्यानं.”