जीव कोणत्या गावी बोलवायचा

माझा जन्म कोठे झाला ते सांगता येईल, परंतु माझे गाव कोणते ते सांगता येणार नाही, आणि हे असेच लिहून घ्या, पदरचे काही घालू नका. वडील पोस्टमास्तर होते. दर तीन वर्षांनी बदली. जन्मलो सावंतवाडीला, मुळाक्षरे गिरवली बार्शीला, मुंज झाली चाळीसगावला, मॅट्रिक झालो वाशीमला, आणि प्रत्येक ठिकाणी सामान पुरते लागायच्या आत पुढला हुकूम येई. एक ट्रंक आई कधी उघडतच नसे. कशाला उघडायची, म्हणे, पुन्हा बांधायचीच आहे. आम्हा भावंडांना याचे दुःख होते असे समजू नका. मला तर बदलीचा आनंद होत असे. नव्या गावाचे पहिले आठ दिवस फार चांगले जात. मग पाय वळवळू लागत.

पुढे इंजिनियर झालो, अमेरिकेत आलो, टेक्ससमध्ये तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात लागलो आणि इथे शुगर लँडला घर घेतले. त्या घरात तेवीस वर्षे राहिलो ते माझ्या पत्नीमुळे, सुधामुळे. सौदीला जागा निघाली, अलास्काला निघाली, दोन्ही वेळा मी अर्ज लिहून तिच्यापुढे ठेवला आणि दोन्ही वेळा तिने तो घडी घालून परत दिला, म्हणाली, मीराची शाळा आहे. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. दोन हजार चार साली ती गेली. त्यावर अधिक बोलायचे नाही.

मी निवृत्त झालेलो, ती गेल्यावर घरात बसवेना. इथे दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, गॅरेजचे दार वर जाते, गाडी आत जाते, दार खाली येते, एवढीच शेजाऱ्याची ओळख. मी गाडी काढून गॅल्व्हेस्टनपर्यंत जात असे, समुद्र पाहत असे तोही काच न उतरवता, आणि परत येत असे. आठवड्यातून तीनदा. मीरा, माझी मुलगी, पंधरा मिनिटांवर राहते. ती विचारी, बाबा, आज काय केलं. मी सांगे, ड्राइव्ह केलं.

अशा वेळी प्रसितचे पत्र आले. प्रसित माझा थाई सहकारी. एका कंट्रोल रूममध्ये आम्ही सतरा वर्षे शेजारी बसलो आणि फार तर सतरा वाक्ये बोललो असू, म्हणून मैत्री टिकली. निवृत्त होऊन तो थायलंडच्या ईशान्येला, आपल्या खेड्यात परत गेला होता. लिहिले होते, काकांचे घर रिकामे आहे, ये, वर्षभर राहून पाहा, जमले तर कायमचा राहा. मी दोन मिनिटांत निर्णय घेतला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी मला एक गाव हवे होते. मरताना तरी पत्ता पक्का असावा, एवढेच.

मीरा चिडली. बाबा, आर यू सिरियस, तुम्हाला तिथली भाषा येत नाही, तिखट सोसत नाही, आजारी पडलात तर कोण बघणार. नातू म्हणाला, आजोबा, डू दे हॅव इंटरनेट. शेवटी तिने अट घातली, एक वर्ष ट्रायल करा, पण घर सेल करायचं नाही, किल्ली माझ्याकडे. मी मान हलवली. मनातून घर विकून मोकळा झालो होतो.

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला तर करमणूकच झाली. तरुण मुले म्हणाली, काका, थायलंड, आणि एकटे, आम्हाला पण न्या की यार. एक काकू तिळगूळ देता देता म्हणाल्या, या वयात ही थेरं. मी म्हणालो, मी खेड्यात चाललो आहे, तिथे भाताशिवाय पाहण्यासारखे काही नाही. त्यावर दुसऱ्या म्हणाल्या, मग वाशीमला का नाही जात, तिथेही काही नाही. मी तिळगूळ तोंडात टाकला.

गाव ऐंशी घरांचे. घर लाकडी खांबांवर उभे, वर राहायचे, आणि खाली मोकळ्या जागेत बांबूची रुंद बाज. पहिले आठ दिवस फार चांगले गेले. मग लक्षात आले की ती बाज माझी नाही. पहाटे मी खाली उतरे तो तिथे चारपाच माणसे बसलेली असत, कोणी शेंगा सोलते आहे, कोणी नुसतेच टेकलेले आहे, आणि शेजारची म्हातारी, तिला सारे गाव याय बुन म्हणे, याय म्हणजे आजी, ती सरळ माझ्या पातेल्याचे झाकण उचलून आत पाही आणि हसून सगळ्यांना सांगे, आजही वरण. माझ्या अंगणातला गवती चहा कापून नेत. विचारणे नाही, सांगणे नाही. तळ्याकडे जाणारी वाट माझ्या घराखालून होती, त्यामुळे बादल्या, बदके, सायकली, सर्व तिथून. काय सांगू तुम्हाला, तेवीस वर्षे गॅरेजचे दार खाली पाडून राहिलेल्या माणसाला हे सोसेना. मी बांबू आणवले, कुंपण घातले, फाटक केले आणि फाटकाला कडी लावली. कुलूप नव्हते. साधी कडी.

कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी बाज रिकामी. बादल्या तळ्याला लांबच्या वाटेने जाऊ लागल्या, आणि याय बुनही, गुडघे धरून, लांबच्याच वाटेने. प्रसित म्हणाला, इथे दार कोणी लावत नाही, लावले तर ते कोणी उघडत नाही. मी म्हणालो, ठीक आहे. ठीक नव्हते, पण स्वतः घातलेले कुंपण स्वतः काढायचे म्हणजे चूक कबूल करणे आले, ती सवय मला नाही.

पाचव्या महिन्यात ताप भरला. प्रसित बँकॉकला गेला होता. तीन दिवस मी वर पडून होतो, लांबच्या वाटेने माणसे बोलत जात ती ऐकू येत, आणि कोणी आत येत नव्हते, कारण कडी लावलेली होती. तिसऱ्या दिवशी याय बुनची हाक ऐकली. ती फाटकाबाहेर उभी होती. हात घातला असता तर कडी निघाली असती, पण ती घालत नव्हती, नुसती हाका मारत होती. मी जिन्यावरून बसत बसत उतरलो, अंगण ओलांडले आणि कडी काढली. तिने माझ्या कपाळाला हात लावला, काहीतरी रागाचे बोलली आणि वळून सगळ्या गल्लीला ओरडून बोलावले.

पेज आली, औषधवाला आला, प्रसित परतला. उठून बसू लागलो तेव्हा त्यांनी एक विधी केला. त्यांची समजूत अशी की माणूस आजारी पडतो तेव्हा त्याचा जीव अंगातून निघून भटकायला जातो, त्याला हाक मारून परत आणावे लागते. केळीच्या पानाचा शंकू, त्यावर फुले, उकडलेले अंडे, पांढरे दोरे. गावातले दहाबारा म्हातारे बाजेभोवती बसले. मंत्र म्हणणाऱ्याने मध्येच थांबून प्रसितला काही विचारले, आणि प्रसितने मला इंग्रजीत सांगितले, तो विचारतो आहे, जीव कोणत्या गावी बोलवायचा, तुझे गाव कोणते.

सर्व माझ्याकडे पाहत होते. मी सावंतवाडीपासून मोजायला लागलो आणि एकही नाव तोंडातून निघेना. याय बुनने दोरा हातात ताणून धरला होता. मी म्हणालो, हेच. हेच गाव. प्रसितने सांगितल्यावर म्हातारे खूश झाले, कोणी टाळी वाजवली, एकामागून एक येऊन माझ्या मनगटाला दोरे बांधले. मी खोटे बोललो होतो. बोलताना मला ते ठाऊक होते. तोवर मी हुद्दे, नोकऱ्या, माणसे सोडली होती, पण खोटे बोलून कोणाचा दोरा हातावर घेतला नव्हता.

कुंपण दुसऱ्याच दिवशी काढले. माणसे परत आली. भातकापणीला त्यांनी मला विळा दिला, माझ्या कापणीला मनसोक्त हसले आणि तरीही पंगतीत जागा ठेवली. याय बुन पातेल्यात डोकावे आणि आता मीठही टाकी. हवे होते ते सर्व मिळाले होते, हे नीट लिहा, त्या गावात मला काहीही कमी नव्हते. आणि दहाव्या महिन्यात पाय वळवळू लागले. मी बसथांब्यावर जाऊन नुसत्या बस पाहत असे. अकराव्या महिन्यात बॅग भरली. याय बुनने विचारले, परत कधी. पुढल्या कापणीला, मी म्हणालो. हे दुसरे खोटे.

त्याला आता वर्ष होऊन गेले. प्रसितचा फोन येतो. कापणीच्या वेळी याय बुन त्याच्या घरी येऊन विचारून गेली, आला का. त्याने सांगितले, नाही. पुन्हा विचारायला ती आली नाही, असे तो म्हणाला.  पूर्वी मी हे एका गावी न टिकणे वडिलांच्या नोकरीवर ढकलत असे. सुधाने मला बांधून ठेवले असेही म्हणत असे. त्या अकरा महिन्यांत मला तिथे कोणी बांधले नव्हते आणि तिथून कोणी हलवलेही नव्हते, त्यामुळे आता ढकलायला कोणी उरले नाही.

घर गेल्या महिन्यात विकले. जावयाला दूर वायव्येला, बेलव्ह्यूला नोकरी लागली आहे, सगळे तिकडे निघाले. विकण्याआधी मीरा म्हणाली, बाबा, तुम्ही पण चला, म्हणजे तुम्हाला नको असेल तर, आणि ती पुढे बोलायच्या आत मी हो म्हणालो. ती रडली. तिला वाटले, मी तिच्यासाठी येतो आहे. मी तसे वाटू दिले.

तुम्ही तरुण आहात. जिथे राहाल तिथे कोणी हाक मारली तर ओ देताना तुम्हाला विचार करावा न लागो, हा माझा आशीर्वाद समजा. झाले तेवढे पुरे. मला आता उठले पाहिजे.