सात नंबरची खुंटी

नाही हो, मला घ्यायचं काहीच नाही — खुर्ची नको, चारची बस आहे ओझरची — बरं, बसते दोन मिनिटं. उलट मी सांगायला आलेय की विकू नका. काय म्हणजे? तंबूची खुंटी! आमचे हे येतील — उंच, चष्म्याला दोरी, खिशात तीन पेनं — आले की सांगायचं, सुटी खुंटी मिळत नाही, यायची बंद झाली, काय वाट्टेल ते सांगा. तंबू तुमच्याकडचाच. आमच्या मुलीने घेतलेला, साक्षीने, पंचविसाव्या वाढदिवसाला — लग्नाच्या हो, माझ्या कसला! एकोणऐंशी सालचं लग्न आमचं. पंचवीस वर्षांत दोघंच म्हणून कुठे गेलो? नामपूरला गेलो, एका जीपमध्ये चौदा माणसं. वणीला गेलो, तर तिथे नणंद. म्हणून साक्षी म्हणाली, आई, तुम्ही दोघं सांदण दरीत जा. आता दरी म्हणजे मला वाटलं झाडंबिडं असतील — कुठलं काय! जमिनीला पडलेली भेग हो, दोन्हीकडे उभा कातळ, वर आभाळाची चिंधी, आणि मध्ये कमरेएवढं पाणी. आणि मी साडीत! स्कूटरवर घोटीमार्गे गेलो, पाठ मोडली, पण गेलो.

आता ह्यांचं कसंय, हे कारखान्यात हत्यारांच्या खोलीवर. विमानाचं काम झालं की हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर विमान जागचं हलत नाही. बरोबरच आहे म्हणा, विमानात पाना राहिला म्हणजे? पण आमच्या घरात चमचे मोजतात हो! पाहुणे उठायच्या आत! तुमच्या त्या बारा खुंट्या, त्यांच्यावर लाल रंगाने नंबर घातले, एक ते बारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू गुंडाळला, मोजल्या — अकरा. सात नंबर गायब. झालं! म्हणाले, सात नंबर सापडल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. कुणी म्हणजे कोण? मी आणि झिपरू. ज्याच्या वावरात तंबू ठोकला तो झिपरू, बिचारा भाकरी द्यायला आलेला, त्यालाही रांगायला लावलं. दोरी लावून वावराचे चौकोन पाडले ह्यांनी! आणि मग ह्यांना संशय आला शेळीचा. झिपरू म्हणतोय, साहेब, आमची शेळी लोखंड नाय खात. हे म्हणाले, तिच्या मनातलं तुला काय ठाऊक? आणि बसले तिच्या मागे, दोन तास. कशाची वाट बघत ते तुम्हाला कळलंच असेल, मी तोंडाने बोलत नाही. मी आपली शेजारी, छत्री धरून. काही निघालं नाही. म्हणजे निघालं, पण खुंटी नाही. मग परत दरीत उतरलो शोधायला — मी पुढे, हे मागे, म्हणे तू पडलीस तर मला दिसायला नको? आता रोज जेवताना तेच, सात नंबर, सात नंबर. रविवारी विहारातसुद्धा सगळ्यांना सांगत बसले. पुढच्या शनिवारी परत जायचं म्हणतायत, मीही हो म्हटलंय. म्हणून म्हणते, नवीन देऊ नका. केवढी ती? अहो, केवढी काय, ही बघा, एवढी, वर आकडा असतो बघा असा —

हसू नका. हो, सातच आहे. आता पर्स उघडलीच आहे तर काय लपवायचं! अहो, त्या सकाळी तोंड धुताना केसातली पिन पाण्यात पडली, हाताला लागली ती खुंटी उपटली आणि खोचली अंबाड्यात. वारा नव्हता, तंबू काय उडणार होता? आणि विसरले. शपथेवर सांगते, विसरले! शेळीमागे बसल्यावर डोकं खाजलं म्हणून हात घातला, तेव्हा कळलं. सांगणारच होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हे म्हणाले, ललिता, तुला बघायला आलो त्या दिवशी तुझ्या डाव्या हातात बारा बांगड्या होत्या, उजव्या हातात अकरा. बारावी कुठे गेली? पंचवीस वर्षं दादा, पंचवीस वर्षं ह्या माणसाच्या पोटात ती बांगडी! मी म्हटलं, पोह्यांची कढई उतरवताना फुटली. तर इतके हसले, इतके हसले, शेळी उठून पळाली. मग बोलतच सुटले. घरी काय, पेपर आणि टीव्हीच्या बातम्या. मला बरं वाटलं हो. फार बरं वाटलं. मग कशाला सांगते मी! घरी येईपर्यंत अंबाड्यातच राहू दिली, तेव्हापासून ज्वारीच्या डब्यात ठेवलीये, आज तुम्हाला माप दाखवायला आणली. तुम्ही एक दिली की पेटीत बारा भरल्या, संपलं, परत पेपर.

काय? काल? काल येऊन गेले हे? दिलीत तुम्ही? — नाही मागितली? मग कशाला आले होते? — काय म्हणाले? परत सांगा. बायको येईल, तिला सुटी खुंटी देऊ नका — असं म्हणाले? हे? का पण? मी कशाला घेईन, माझ्याकडे तर —

थांबा. दरीत मी पुढे होते. हे मागे. अख्खी दुपार ह्यांच्या डोळ्यांसमोर माझा अंबाडा, आणि त्यात खुंटी, आणि हा माणूस चमचे मोजणारा! म्हणजे ह्यांना माहीत होतं. आणि सकाळी चौकोन पाडत होते तेव्हाही मी पुढेच रांगत होते की! तेव्हापासून माहीत होतं? अहो, मग त्या शेळीच्या मागे दोन तास कशाला बसले?

शेजारी मी होते ना.

चला, बस जाईल माझी. आणि हे बघा, खुंटी विकायची नाही. दोघांनाही नाही.