माफीची चौकट

मी, नाव सोबतच्या ओळखपत्राप्रमाणे, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (चिपच्या आराखड्याची तपासणी), राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला. समक्ष ठाण्यात येऊन जबाब देते की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाईंसह राहते. चौदा वर्षे एकाच कंपनीत आहे. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या यंत्रासाठी आम्ही चिप तयार करत होतो. चिपमधल्या तारा कुठून न्यायच्या हे मास्तर आखतात. आम्हा सगळ्यांना काम त्यांनीच शिकवले, म्हणून त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचा आराखडा कारखान्यात जाण्याआधी मी तपासते व सही करते.

कारखान्यातून आलेल्या पहिल्या चिपांपैकी निम्म्यांमध्ये दोन शेजारच्या तारा एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. चाचणी टेबलावरच झाली, कोणा रुग्णाला इजा नाही. मास्तरांनी हे रागातून मुद्दाम केले, अशी आमच्या कंपनीच्या साहेबांची तक्रार आहे. त्या दोघांचे भांडण झाले होते हे खरे. मास्तर तपासणीसाठी आणखी दोन दिवस मागत होते, साहेब देत नव्हते.

चिपमधला स्मृतीचा भाग आम्ही बाहेरून तयार घेतो. तपासणी लावली की त्यात दरवेळी दोनशे बारा चुका दिसतात. त्या खऱ्या नसतात. म्हणून त्या भागाभोवती पडद्यावर एक चौकट काढतात व आतल्या चुकांना माफी देतात. नंतर त्या चौकटीत कोणी डोकावत नाही. चौकट त्या भागाएवढीच हवी. तीन तारखेला दुपारी मी ती चार चुका झाकण्यासाठी उजवीकडे थोडी मोठी काढली. कडेच्या त्या चुका जात नव्हत्या आणि मला जेवायला उठायचे होते.

नऊ तारखेला मास्तरांनी एक तार त्या कडेजवळून नेली. ती दुसऱ्या तारेला हवी त्यापेक्षा जवळ आली. आराखड्यात दोन्ही वेगळ्या असल्याने जोडणीची तपासणी बरोबर आली. अंतराच्या तपासणीचे तोंड माझ्या चौकटीने बंद केले. मास्तरांनाही चुका शून्य दिसल्या.

दहा तारखेला सहीआधी ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "पोरी, ती उजवी कड नीट बघितलीस ना?" मी म्हणाले, "बघितली हो मास्तर. तुम्ही आता चष्मा बदला." ते हसले. मी बघितली नव्हती. याची मला फार लाज वाटते.

काल तक्रारीनंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. म्हणाले, "मॅडम, मास्तर रागात होते एवढंच सांगा. बाकी आम्ही निस्तरतो." मी रात्रभर विचार केला, असे नाही. चौकटीच्या फाईलवर माझे नाव व तीन तारीख आहे. ती छापून आज सकाळी आणली आहे, ती ठेवून घ्यावी.

नोकरी जाईल हे कळते का, असे विचारले असता सांगते की, कळते. घरी सांगून आले आहे. सासूबाई म्हणाल्या, "जा, आणि पाय मागे घेऊ नकोस."

मास्तर सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. मी त्यांच्यासमोरून आत आले, तेव्हा मान वर करवली नाही. सही झाली की आधी त्यांच्याकडे जाणार आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात चौकट 'नजरचुकीने' मोठी झाली असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'चार चुका झाकण्यासाठी' असे केले व शेजारी मी सही केली. आता तो मी सांगितला तसा आहे.