बायको रुसलेल्या गायकाचं गाणं

निपाणी स्टँडवर बेळगावच्या गाडीसाठी रांग होती. विनोदिनीनं भूगोलाचं पुस्तक उघडलं खरं, पण तिचे कान टवकारले होते पुढच्या जोडप्याकडं. बायको रुसून माहेरी निघालेली, नवऱ्याच्या काखेत रेडिओ!

"ह्ये इंग्रजी गाणं ऐक गं. गायकाची बायको रुसून माहेरी गेलती, म्हणून केलंय त्यानं."

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"रेडिओवाल्यानं."

"मग आली का ती माघारी?"

"त्ये न्हाय सांगितलं. पण गाणं लई गाजलं बग."

"गाजून काय करायचंय? गात बसण्यापरास स्टँडवर यायचं हुतं की त्यानं!"

"मी आलोय न्हवं?"

"आडवायला?"

"न्हाय गं, संगट यायला. तुझ्या आईच्या शिव्या दोघं मिळून खाऊ."

"...पिशवी धरा मग. आन् आवाज वाढवा वाईच."